खाजण कुठल्या चौकटीत?

बारावीच्या भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यात शेवटी एक धडा आहे, ‘भूगोल : स्वरूप व व्याप्ती’. शेवटी असल्यामुळे त्याच्या वाट्याला नेहमी जानेवारी येतो. पूर्वपरीक्षा डोक्यावर, प्रात्यक्षिकाच्या वह्यांवर सह्या राहिलेल्या, निम्मी मुलं गॅदरिंगच्या नाचात अडकलेली. अशात हा धडा शिकवायचा म्हणजे उरकायचा. नोकरीतली पहिली बरीच वर्षं मीही तो उरकलाच. फळ्यावर वर ‘भूगोल’ लिहायचं, खाली दोन फांद्या काढायच्या, प्राकृतिक आणि मानवी. एकीखाली भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरशास्त्र, मृदा भूगोल, जैवभूगोल. दुसरीखाली आर्थिक, लोकसंख्या, वसाहत, राजकीय, ऐतिहासिक. प्रत्येकाभोवती पट्टीनं चौकट. ‘उतरवून घ्या, चार मार्कांना येतो.’ घंटा झाली की भूगोल संपला.

तेव्हा मला त्या तक्त्यात काही खुपत नव्हतं, हे कबूल करते. मी स्वतः तसाच शिकले होते. स्टाफरूममध्ये शास्त्र शाखेचे सर चहा घेता घेता ‘तुमचं बरं आहे, राजधान्या पाठ करायच्या’ म्हणायचे तेव्हा राग यायचा, पण तोंडावर टाकायला उत्तर नसायचं. कारण भूगोल नक्की कशाचं शास्त्र आहे, हे मलाच धड एका वाक्यात सांगता येत नव्हतं. वनस्पतिशास्त्र झाडांचं, भूगर्भशास्त्र खडकांचं. आमचं कशाचं? सगळ्याचंच म्हणावं तर कुणी मनावर घेत नाही.

मग एका जानेवारीत शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, आमचं खाजण यात कुठं बसतं?’

वर्ग हसला. मुलगा खाडीकाठच्या वाडीतला, खाजण म्हणजे त्यांची खाडीलगतची बांध घातलेली जमीन. वर्गात फारसा न बोलणारा, पण प्रात्यक्षिकात समोच्च रेषा एका हातात न थांबता काढणारा. मी म्हटलं, ‘मृदा भूगोलात घाल. क्षारयुक्त मृदा.’ तो म्हणाला, ‘मृदा कसली मॅडम, तिथं आता नुसती खारफुटी आहे, तिवरं.’ ‘मग जैवभूगोलात घाल.’ ‘पण आजोबा भात लावायचे.’ ‘मग कृषी भूगोल.’ तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, मॅडमशी किती वाद घालायचा म्हणून. ते कळण्याइतकी वर्षं माझी नोकरीत झाली आहेत.

मी धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीनं येते-जाते. खाडी ओलांडायला मिनिटं लागतात. तेच चिपळूणवरून वळसा घालून रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. वर्गात मुलांना निरपेक्ष अंतर आणि सापेक्ष अंतर शिकवताना मला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. वॉल्डो टॉब्लर नावाच्या भूगोलज्ञानं १९७० मध्ये एक वाक्य लिहून ठेवलं, त्याला पुढे लोक भूगोलाचा पहिला नियम म्हणू लागले. आशय असा, की प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा लांबच्यांपेक्षा जास्त. वाक्य झकास आहे. मात्र जवळ म्हणजे किती जवळ, हे फेरीबोट चालू आहे की पावसात बंद पडली आहे यावर ठरतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

त्या संध्याकाळी बोटीच्या कठड्याला टेकून मी खाली बघत होते. हे वाशिष्ठीचं मुख. या पाण्यात सह्याद्रीच्या या उताराचं पाणी आहेच, पण कोयनेचंही आहे. कोयना उगम पावते महाबळेश्वरात. खरं तर तिनं पुढे कऱ्हाडला कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जायचं. पण धरणातलं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरवलं, त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीत सोडलं. म्हणून भर मे महिन्यात, वर सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागलेला असताना, चिपळूणच्या नदीला पाणी असतं. आता ही नदी प्राकृतिक की मानवी? तिलाही माझ्या तक्त्यात चौकट सापडेना. म्हणजे पोराचं खाजण हा काही अपवाद नव्हता. तक्ताच कुठेतरी फसत होता.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून अडवलेली. कुणी खार म्हणतात. मातीचा लांबलचक बांध, खाडीच्या अंगाला दगड लावलेले. त्यात मध्येच एक तोंड, त्याला लाकडी झडप. तिला उघाडी म्हणतात. या झडपेत सगळी हुशारी आहे. ती खाडीच्या बाजूला उघडते. भरती आली की पाण्याच्या दाबानं आपोआप बंद होते, खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की जमिनीतलं मीठ धुऊन उघाडीवाटे खाडीत जातं आणि माती गोडी झाली की लावणी. खारटपणा सोसणारा राता भात इथला. पीक एकच, पावसाळी. पाऊस गेला की मीठ पुन्हा खालून वर चढतं.

घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली. एम.ए.ला ‘भौगोलिक विचारधारा’ नावाचा पेपर होता, सगळ्यांचा नावडता. त्यात इराटोस्थेनिस यायचा. ‘पृथ्वीचं वर्णन’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द या विषयाला पहिल्यांदा त्यानंच वापरला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. त्यानं दोन गावांतल्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला. तो फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला, म्हणून दोन गावांमधल्या अंतराची पन्नासपट केली. पुढे टॉलेमी. त्याच्या नकाशात आपलं द्वीपकल्प जवळजवळ नाहीच. पश्चिम किनारा उत्तर-दक्षिण उतरायच्या ऐवजी सपाट पूर्वेकडे गेलाय आणि खाली श्रीलंका अवाढव्य. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या जुन्या नकाशात आमचं कोकण आडवं झोपलेलं आहे. (हा नकाशा मी वर्गात दाखवते तेव्हा मुलं भलतीच खूश होतात.)

वॅरेनियसनं १६५० मध्ये सर्वसाधारण भूगोल आणि विशेष भूगोल असे दोन भाग सांगितले, आणि त्याच वर्षी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. त्याच्या पुस्तकाची आवृत्ती पुढे १६७२ मध्ये केंब्रिजला निघाली, तिचा संपादक न्यूटन. हे मी शास्त्र शाखेच्या सरांना मुद्दाम ऐकवलं. मग हम्बोल्ट आणि रिटर, दोघंही १८५९ मध्येच गेले. यांची मतं पाठ करून लिहायची आणि विसरायची, अशी आमची रीत.

पण त्या रात्री मला अडवलं ते कांटनं. तोच, तत्त्वज्ञ. हा गृहस्थ आपल्या गावाच्या परिसराबाहेर कधी फारसा पडला नाही आणि १७५६ पासून चाळीस वर्षं विद्यापीठात प्राकृतिक भूगोल शिकवत राहिला. त्याचं म्हणणं साधारण असं. वस्तूंची वर्गवारी त्यांच्या जातीवरून करता येते, खडक इकडे, झाडं तिकडे. पण आणखी दोन तऱ्हांनीही जग लावता येतं. एकामागून एक काय घडलं, हा इतिहास. एकाशेजारी एक काय आहे, हा भूगोल. ओळ एम.ए.ला मी पाठ केलेली होती, पण तेव्हा ती नुसती ओळ होती. आता डोळ्यांसमोर बांध होता. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं, मध्ये चार हात माती. माती, भात, तिवर, चिंबोरी, सातबारा आणि आजोबा सगळे एकाशेजारी एक. फळ्यावरच्या चौकटी म्हणजे या एकाच जागेकडे बघायच्या खिडक्या. आम्ही घर सोडून खिडक्याच पाठ करून घेत होतो.

दुसऱ्या आठवड्यात वर्ग खाजणावर न्यायचं ठरवलं. वेळ कोणती, हे विचारायला मी भरतीचं कोष्टक उघडणार तोच तो मुलगा म्हणाला, ‘कोष्टक कशाला? पंचमी आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी.’ हे गणित किनाऱ्यावर सगळ्यांना येतं. तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे जाते, त्याचा हा ढोबळ हिशेब. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. सागरशास्त्राच्या चौकटीत आम्ही पानभर लिहितो ते या पोराच्या बोटांवर होतं.

गेलो. बांध दुरून अजून बांधासारखाच दिसत होता. जवळ गेल्यावर मात्र त्याची चाळण झालेली, ठिकठिकाणी खेकड्यांची बिळं. एका जागी खांड पडलेली, चांगली दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी, आणि तिच्यातून खाडी बिनदिक्कत आत आलेली. आत जिथं खाचरं होती तिथं गुडघाभर काळा चिखल आणि त्यात तिवरं, कांदळ, चिपी. कांदळाची शेंग मी मुलांना हातात घ्यायला लावली. तिचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरवा लांब दांडा लोंबायला लागतो आणि ओहोटीत खाली पडला तर भाल्यासारखा चिखलात रुततो. माणसानं एक पावसाळा हात काढून घेतला, की याचा मुक्काम पडलाच.

चिखलात एक आजी कालवं काढत बसल्या होत्या. मी विचारलं, बांध का नाही दुरुस्त केला कुणी? त्या वर न बघताच म्हणाल्या, ‘बांद घालाया मानसा कुठं हायत बाय? समदी म्हमईत.’

एवढंच. पण फळ्यावरच्या उजव्या फांदीतली लोकसंख्या भूगोलाची चौकट उचलून कुणीतरी डाव्या फांदीतल्या मृदेवर ठेवावी तसं मला झालं. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. राज्य वाढत असताना आमचा जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अकराशेहून जास्त. त्याचं कारण काही फार सुखाचं नाही, पुरुष मुंबईत आहेत इतकंच. हे आकडे मी दरवर्षी शिकवते, ‘स्थलांतराचे परिणाम’ म्हणून. त्यांचा परिणाम म्हणून जमिनीत मीठ चढतं, हे मी कधी म्हटलं नव्हतं. पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी माणूस बांधावर जायचा, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे. १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ मध्ये पुन्हा नवा. बांध सरकारी योजनेत गेले. योजनेतला बांध मोठा असतो, पण बीळ बोटाएवढं असताना त्यात चिखल कोंबायला योजना येत नाही, त्याला शेजारी राहणारा माणूस लागतो. आता तर तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. उधाणात आणि वादळात तीच किनारा धरून ठेवतात. पण म्हणजे या पोराच्या सातबाऱ्यावर भातशेती आणि जमिनीवर संरक्षित वन. राजकीय भूगोल म्हणजे नुसत्या देशांच्या सीमा नव्हेत, हे मुलांना तिथं उभं राहून सांगायला वेगळं शिकवावं लागलं नाही.

परत येताना एकीनं विचारलं, ‘मॅडम, दमट हवेमुळे कोकणातली माणसं आळशी असतात असं मामा म्हणतात. ते पण भूगोलच ना?’ मामा घाटावरचे असणार. तो भूगोल होता, एके काळी. निसर्गवाद म्हणतात त्याला. हवामान माणूस घडवतं, थंड हवेत उद्योगी, उष्ण हवेत सुस्त. एल्सवर्थ हंटिंग्टननं १९१५ मध्ये ‘हवामान आणि संस्कृती’ या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि गोऱ्या साम्राज्यांना असली विद्या फार सोयीची पडायची. त्याच्या उलट फ्रान्सच्या विदाल द ला ब्लाशचा संभववाद. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, त्यातली कुठली उचलायची ते माणूस ठरवतो. मी त्या मुलीला विचारलं, मुंबईच्या गिरण्यांत रात्रपाळ्या कुणी केल्या? कोकणातल्यांनीच ना? आणि मुंबईची हवा काय काश्मीरची आहे? ती म्हणाली, ‘मामांना सांगते.’ सांगितलं की नाही, ठाऊक नाही. तरी एक खरं, की पुरता संभववादही मला खाजणावर उभं राहून पटत नाही. माणसानं बांध घातला हे खरं, पण तो टिकायला त्याला भरतीचं वेळापत्रक पाळावं लागलं. शक्यता उचलली की तिची चाकरी जन्मभर.

बाकी तक्त्यात एक तिसरी फांदीही असते, तंत्रांची. नकाशाशास्त्र, सुदूर संवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली. ही फांदी मुलांना आवडते कारण तिच्यात मोबाइल येतो. खाजणाचा नकाशा काढायचा ठरवला तेव्हा पहिलाच खटका उडाला. बांधाची लांबी किती? एका गटानं पावलं मोजली, दुसऱ्यानं मोबाइलवर उपग्रहचित्रातून काढली, जुळेना. पावलांची जास्त भरली. मी म्हटलं, थांबा, याहून मोठा घोळ दाखवते. कोकण किनाऱ्याची लांबी किती? सगळे एका सुरात, ‘७२० किलोमीटर!’ पाठच आहे.

शिवणाचा दोरा आणला. आधी नकाशासंग्रहातल्या छोट्या नकाशावर, मग भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर किनाऱ्यावरून बसवायचा. दोरा घसरतो म्हणून ओला केला, एकीनं बोटानं दाबायचं, दुसरीनं वळवायचं. छोट्या नकाशावर बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या म्हणजे नुसते टवके, दोरा त्यांच्यावरून सरळ जातो. मोठ्या नकाशावर दोरा खाडीत शिरतो, फिरतो, बाहेर येतो आणि लांबी वाढते. टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या बारकाईच्या नकाशावर, आणखी वाढली असती, पण तेवढा दोरा नव्हता. म्हणजे नकाशा जितका बारकाईचा, किनारा तितका लांब. याचा कागदोपत्री दाखलाही आहे. भारताचा किनारा आपण ७,५१६.६ किलोमीटर शिकलो. अलीकडे तो अधिक मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर पुन्हा मोजला, तर ११,०९८.८ निघाला. महाराष्ट्राचा सरकारी आकडा ६५२.६ वरून ८७७.९७ वर गेला. समुद्र तोच, पुळण तीच. मँडेलब्रॉटनं १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारून गणितात एक नवं दालन उघडलं. ‘मग परीक्षेत काय लिहायचं?’ हा प्रश्न आलाच. ७२० लिहा, म्हटलं. पुस्तकात आहे तोवर ७२०.

या सगळ्यात माझे तीन तास जास्त गेले आणि पर्यवेक्षकांनी पोर्शनबद्दल दोनदा विचारलं. त्यांचंही चूक नाही.

पूर्वपरीक्षेत मी प्रश्न जरा फिरवून घातला. ‘भूगोलाच्या शाखा परस्परांशी कशा निगडित आहेत, ते तुमच्या परिसरातील एका उदाहरणाने आकृतीसह लिहा. गुण ४.’ बहुतेकांनी सवयीनं तोच ओघतक्ता काढला, चौकटींना स्केचपेननं रंग दिले. दोघा-तिघांनी आंब्याची बाग घेतली, बरी लिहिली. कातळ फोडून सुरुंगानं खड्डे केले, बाहेरून माती आणून कलमं लावली, असं एकीनं लिहिलं होतं, ते छानच.

त्या मुलानं खाजण काढलं होतं, उभा छेद. डावीकडे खाडी, उधाणाची पातळी वेगळ्या रेषेनं, भांगाची वेगळी. मध्ये बांध, त्याच्या पोटात खेकड्याचं बीळ. उजवीकडे खाचर, त्यात एक भाताचा ठोंब आणि त्याला खेटून कांदळाचा दांडा. वर कोपऱ्यात एक एसटी, तिच्यावर पाटी ‘मुंबई’, आणि तिच्यापासून बांधाच्या खांडीपर्यंत बाण. शाखांची नावं त्यानं बाणांवर लिहिली होती. चौकट एकही नव्हती.

मी चारपैकी तीन दिले. एक मार्क कापला, कारण उघाडीची झडप त्यानं खाजणाच्या बाजूला, आत उघडलेली दाखवली होती. शेजारी लाल शाईनं लिहिलंही, ‘झडप खाडीकडे उघडते.’

पेपर वाटले त्या दिवशी तो टेबलाशी आला. ‘मॅडम, मार्क नको वाढवून. पण तुम्ही त्या दिवशी खांडीशीच थांबलात, उघाडीपर्यंत आलाच नाहीत. आमच्या उघाडीची चौकट कुजलीय. झडप आतच पडते.’